खोबरेल तेल: किती, कशाच्या जागी आणि कोणी खावं

मोठा चमचाभर खोबरेल तेल वजनकाट्यावर ठेवलं तर साधारण साडेतेरा ग्रॅम भरतं. त्यात १२० कॅलरी असतात आणि ११ ग्रॅम संपृक्त मेद, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट. प्रथिनं शून्य, तंतू शून्य, साखर शून्य, कोलेस्टेरॉल शून्य. जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजण्याइतकीही नाहीत. खोबरेल तेलाबद्दलचं बोलणं या एका चमच्यापासून सुरू व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण ते बहुतेकदा भलत्याच टोकांवरून सुरू होतं. एका बाजूला वजन उतरवणारं, मेंदू तल्लख करणारं ‘अमृत’. दुसऱ्या बाजूला २०१८ मध्ये जगभर गाजलेल्या एका जर्मन व्याख्यानातलं ‘शुद्ध विष’ हे वर्णन. दोन्ही ऐकून बरणी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला हवं असलेलं उत्तर मात्र मिळत नाही: किती घालू, कोणत्या तेलाच्या जागी घालू, आणि माझ्या प्रकृतीला चालेल का? हा लेख त्या तीन प्रश्नांसाठी आहे.

पहिली पायरी: बरणीत नेमकं काय आहे ते समजून घ्या

१०० ग्रॅम खोबरेल तेलात सुमारे ८२ ग्रॅम संपृक्त मेद असतो. लोण्यात तो ५१ ग्रॅमच्या आसपास, पामतेलात ४९ आणि ऑलिव्ह तेलात १४. वनस्पतीजन्य आहे म्हणून हलकं असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण या एका बाबतीत ते लोण्यालाही मागे टाकतं. साधारण २४ अंश सेल्सिअसखाली ते गोठतं, ते याच संपृक्त मेदामुळे. गोठलं म्हणजे भेसळ आहे किंवा बिघडलं, असं समजू नका. पुन्हा वितळलं की ते तेच तेल असतं.

संपृक्त मेद हा काही एकच पदार्थ नाही. खोबरेल तेलातला जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा, सहावा हिस्सा मिरिस्टिक आम्लाचा, आठ-नऊ टक्के पाल्मिटिक आम्ल, आणि कॅप्रिलिक व कॅप्रिक ही दोन तुलनेने छोट्या साखळीची आम्लं मिळून साधारण १३ टक्के. ही यादी कंटाळवाणी वाटेल, पण या तेलाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच जन्माला आला आहे.

कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही आम्लं आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि चटकन जळतात. ती वेगळी काढून जे तेल बनवतात त्याला एमसीटी (मीडियम चेन ट्रायग्लिसराइड, म्हणजे मध्यम साखळीचा मेद) तेल म्हणतात. भूक थोडी कमी लागणं, ऊर्जा किंचित जास्त खर्च होणं, शरीरात कीटोन (मेद जळताना बनणारं इंधन) तयार होणं, हे परिणाम ज्या प्रयोगांत दिसले त्यांपैकी बहुतेक प्रयोग अशा एमसीटी तेलावर झाले होते. लॉरिक आम्लात कार्बनचे १२ अणू असतात, म्हणून रसायनशास्त्राच्या मोजणीत तेही ‘मध्यम साखळी’च्या रांगेत बसतं. शरीर मात्र ही मोजणी पाळत नाही. लॉरिक आम्लाचा मोठा भाग लांब साखळीच्या मेदाप्रमाणेच लसीकावाहिन्यांतून रक्तात येतो. म्हणून एमसीटी तेलावरचे निष्कर्ष खोबरेल तेलाला चिकटवता येत नाहीत. हिशेब करून पाहा: मोठा चमचाभर खोबरेल तेलात त्या दोन आम्लांचं वजन दोन ग्रॅमही भरत नाही. मेंदूसाठी आणि वजनासाठी म्हणून चहा-कॉफीत हे तेल ढवळून पिणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं. तुम्ही एमसीटीचा प्रयोग करत नाही आहात, तुम्ही पेयात १२० कॅलरी मिसळता आहात.

या तेलात काय नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी दोन मेदाम्लं आहेत: लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक. पहिलं यात दोनेक टक्के असतं, दुसरं जवळपास नाहीच. त्यामुळे घरात फक्त खोबरेलच वापरत असाल तर अक्रोड, जवस, तीळ, सोयाबीन किंवा मासे यांपैकी काहीतरी आहारात नेमाने असायला हवं.

आणखी एक गल्लत सतत होते, नारळाचे गुण तेलाच्या नावावर जमा करण्याची. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ९ ग्रॅम तंतू, ३ ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं, साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम आणि बऱ्यापैकी मँगनीज असतं. तेल काढताना हे सगळं चोथ्यात राहतं. खोबरं हे अन्न आहे, तेल हा त्यातला फक्त मेद आहे.

दुसरी पायरी: लिपिड प्रोफाइल हातात घ्या

खोबरेल तेल तुम्हाला चालेल का, याचं उत्तर बरणीवर नसतं, तुमच्या रक्ततपासणीत असतं. लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या मेदाची तपासणी, कधीच केलं नसेल तर आधी ते करा. त्यात पाहायचा पहिला आकडा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल. तो १०० मिलिग्रॅमखाली (दर डेसिलिटर रक्तामागे) असेल तर उत्तम, १३० पासून पुढे काळजीची हद्द सुरू होते, १६० च्या वर तो जास्तच मानतात आणि १९० च्या वर असेल तर घराण्यात चालत आलेला दोष आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागतं. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी या मर्यादा आणखी खाली येतात.

एलडीएलच का, तर यकृताच्या पेशींवर एलडीएल कण पकडून आत ओढणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल कोलेस्टेरॉलच्या नियंत्रणावरच्या संशोधनासाठी मिळालं, आणि या ग्राहकांचा शोध हा त्याचा गाभा होता. लॉरिक, मिरिस्टिक, पाल्मिटिक या आम्लांचं प्रमाण आहारात वाढलं की हे ग्राहक मंदावतात. एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि धमन्यांच्या भिंतीत शिरायला त्याला जास्त संधी मिळते.

माणसांवरच्या प्रयोगांत हे दिसतं का? दिसतं. २०२० मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात १६ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. सूर्यफूल, ऑलिव्ह, सोयाबीन यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढलं, एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ४ मिलिग्रॅमने वाढलं. वजन, रक्तातली साखर, शरीरातला दाह यांत मात्र उल्लेखनीय फरक पडला नाही. म्हणजे या तेलाने वजन उतरतं हा दावा टिकत नाही. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तपासलेल्या सातही प्रयोगांत एलडीएल वाढलं होतं, त्यांपैकी सहांत ठळकपणे.

इथे नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे: ‘चांगलं’ एचडीएलही वाढतंच की! वाढतं, खरंच वाढतं. पण एचडीएलचा आकडा वर नेला म्हणजे हृदय वाचतं, ही कल्पना गेल्या वीस वर्षांत औषधांच्या चाचण्यांत कोसळली. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं, तरी ते घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून २००६ च्या डिसेंबरात चाचणी थांबवावी लागली. नायसिन या औषधानेही एचडीएल वाढलं, झटके काही कमी झाले नाहीत. उलट एलडीएल ३९ मिलिग्रॅमने खाली आणलं की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना साधारण एक-पंचमांशाने घटतात, हे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. चार पावलं पुढे गेलो म्हणून दहा पावलं मागे गेल्याची भरपाई झाली, असं एचडीएलच्या बाबतीत धरू नका.

तेलाच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावाही सांगायलाच हवा. २०१८ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये केंब्रिजच्या संशोधकांचा प्रयोग आला. ५० ते ७५ वयाच्या नव्वदेक निरोगी माणसांनी चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, लोणी किंवा ऑलिव्ह तेल घेतलं. लोण्याने एलडीएल वाढलं; खोबरेलने मात्र ऑलिव्हपेक्षा वेगळं वाढलं नाही. प्रयोग नीट केलेला होता, पण चारच आठवड्यांचा, आणि बाकीच्या प्रयोगांचा कल दुसरीकडे आहे. पुकापुका आणि टोकेलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांचंही उदाहरण दिलं जातं. तिथे आहारातली मोठी ऊर्जा नारळातून येत असे आणि हृदयविकार विरळा होता. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास खरा आहे. मात्र ती माणसं नारळ सगळाच खात होती, सोबत मासे खात होती. बाटलीतलं तेल बाकीच्या आधुनिक जेवणावर ओतत नव्हती.

तिसरी पायरी: तुमचा रोजचा कोटा काढा

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की दिवसभराच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून जास्त ऊर्जा संपृक्त मेदातून येऊ नये. दिवसाला २००० कॅलरी लागत असतील तर २०० कॅलरी, म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. १६०० कॅलरी लागत असतील तर १८ ग्रॅम. एलडीएल जास्त असलेल्यांसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन ५ ते ६ टक्क्यांवर थांबायला सांगते, म्हणजे २००० कॅलरींमागे १३ ग्रॅम.

आता तो चमचा पुन्हा समोर आणा. मोठा चमचा ११ ग्रॅम, चहाचा चमचा पावणेचार ग्रॅम. दोन मोठे चमचे खोबरेल घेतलं की निरोगी माणसाचा दिवसाचा कोटा संपला, आणि अजून दूध, चीज, मांस, बिस्किटं यांतला संपृक्त मेद मोजायचाच आहे. एलडीएल चढलेल्या माणसाचा कोटा तर एका मोठ्या चमच्यातच संपत आला.

रोज चमचे मोजत बसणं कोणालाच जमत नाही, म्हणून मी एक सोपी युक्ती सांगते. नवी बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा, आणि संपली की किती दिवस पुरली ते पाहा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९२० ग्रॅम. चार माणसांच्या घरात ते ३० दिवस पुरलं, तर माणशी दिवसाला ७.७ ग्रॅम, त्यात संपृक्त मेद सव्वासहा ग्रॅम. तीच बाटली १५ दिवसांत संपत असेल तर संपृक्त मेद साडेबारा ग्रॅम. केसांना लावायचं तेल मात्र वेगळ्या बाटलीत ठेवा, नाहीतर हा हिशेब फसतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मनातल्या अंदाजापेक्षा खप जवळजवळ दुप्पट निघाला होता. ‘आम्ही फारच कमी तेल वापरतो’ असं सांगणाऱ्या प्रत्येक घराने एक महिना हे करून पाहावं, अशी माझी विनंती आहे.

चौथी पायरी: कशाच्या जागी, हे ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. लोणी काढून तिथे थोडं खोबरेल आणलंत, तर नुकसान होण्यासारखं फार काही नाही. डालडासारख्या घट्ट केलेल्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असेल, तर त्याच्या जागी खोबरेल नक्कीच बरं. पण सूर्यफूल, करडई, सोयाबीन, मोहरी, शेंगदाणा किंवा ऑलिव्ह तेल काढून सगळा स्वयंपाक खोबरेलवर नेलात, तर एलडीएल वर जाणं अपेक्षितच आहे. संपृक्त मेद काढून त्या जागी सूर्यफूल, सोयाबीनसारखी बहुअसंपृक्त (पॉलीअनसॅच्युरेटेड) मेदाची तेलं आणलेल्या दीर्घ प्रयोगांत हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी घटला होता. आणि आहार आहे तसाच ठेवून वरून ‘औषध म्हणून’ दोन चमचे घेऊ लागलात, तर त्या २४० कॅलरी कुठेतरी साठणारच.

ज्या पदार्थाची चवच या तेलाने खुलते तिथे ते वापरा, मनापासून वापरा. रोजच्या साध्या परतण्यासाठी दुसरं तेल ठेवा. चवीसाठी शेवटी वरून घातलेलं एक चमचा तेल जितका वास देतं, तितका सुरुवातीला तापवलेले तीन चमचेही देत नाहीत.

पाचवी पायरी: कोणतं घ्यावं

बाजारात मुख्यतः दोन जाती. सुक्या खोबऱ्यापासून काढून शुद्ध केलेलं, वास आणि रंग घालवलेलं रिफाइन्ड तेल, आणि ताज्या खोबऱ्यापासून फार उष्णता न देता काढलेलं व्हर्जिन तेल. व्हर्जिनमध्ये नारळाचा वास आणि थोडी जास्त पॉलिफेनॉल द्रव्यं राहतात. मेदाम्लांचं प्रमाण मात्र दोन्हींत जवळपास सारखंच, त्यामुळे महाग घेतलं म्हणून जास्त खाता येईल असं नाही. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हा शब्द ऑलिव्ह तेलासाठी ठरलेल्या कसोट्या दाखवतो. खोबरेलवर तो निव्वळ जाहिरातीचा शब्द आहे.

बाटलीवर ते खाण्यासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं असायलाच हवं. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या तेलात सुगंध किंवा खनिज तेल मिसळलेलं असू शकतं. घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनेटेड’ (कृत्रिमरीत्या घट्ट केलेलं) हा शब्द दिसला तर ती बाटली परत ठेवा.

सहावी पायरी: तापवणं आणि साठवणं

व्हर्जिन तेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं, रिफाइन्ड २०० च्या वर तग धरतं. त्यामुळे व्हर्जिन मंद आचेवर परतायला आणि बेकिंगला, रिफाइन्ड जास्त आचेला. धूर दिसला की आच कमी करायला उशीर झालेला असतो. तळणीत खोबरेल आणि दुसरं तेल एकत्र करू नका. लॉरिक आम्लाची तेलं इतर तेलांत मिसळली की तळताना फेस उसळतो आणि तो कढईबाहेर येऊ शकतो.

बहुअसंपृक्त मेद नगण्य असल्याने हे तेल हवेने लवकर खवट होत नाही, आणि तोच त्याचा खरा, निर्विवाद गुण आहे. त्याचा शत्रू पाणी. ओला चमचा बरणीत गेला की ओलाव्याने मेदाचे रेणू फुटतात, छोटी आम्लं मोकळी होतात आणि तेलाला साबणासारखा वास नि चव येते. हा वास आला किंवा वर बुरशीचे ठिपके दिसले तर तेल गाळून, उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या. मोठ्या डब्यातून आठवड्यापुरतं छोट्या, कोरड्या बरणीत काढून वापरणं सगळ्यात सोयीचं.

सातवी पायरी: बाहेरून लावताना

इथे खोबरेल तेलाची बाजू भक्कम आहे. २००३ मधल्या प्रयोगात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना झाली, तेव्हा केसांतून प्रथिनं निघून जाणं फक्त खोबरेलने ठळकपणे कमी केलं. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, केसांतल्या प्रथिनांशी त्याचं जुळतं, म्हणून ते नुसतं वर न बसता केसाच्या आत शिरतं. धुण्याआधी लावलं तर केस पाण्याने कमी फुगतात आणि कमी तुटतात. नवे केस मात्र त्याने उगवत नाहीत; मूळ त्वचेच्या आत आहे आणि ते तेलावर पोसलं जात नाही.

कोंडा फार असेल तर तेल रात्रभर ठेवू नका. कोंड्याशी निगडित असलेलं मॅलॅसेझिया हे यीस्ट नेमक्या याच लांबीच्या मेदाम्लांवर वाढतं. कोरड्या त्वचेला खोबरेल चांगलं मानवतं, आणि इसब असलेल्या मुलांवरच्या एका प्रयोगात व्हर्जिन तेलाने खनिज तेलापेक्षा जास्त आराम पडला होता. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. उन्हापासून संरक्षण म्हणून त्यावर विसंबू नका. ताज्या भाजलेल्या जागी तेल लावू नका, २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. तान्ह्या मुलाच्या नाकात तेलाचे थेंब कधीही घालू नका. ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. आणि लेटेक्सच्या निरोधासोबत हे तेल वापरू नका, कारण तेलाने लेटेक्स कमजोर होऊन फाटतं.

आठवी पायरी: कोणी आधी डॉक्टरांशी बोलावं

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात होऊन गेलेला असेल. एलडीएल १६० च्या वर असेल. आईवडील किंवा भावंडांना कमी वयात हृदयविकार झाला असेल. किंवा ट्रायग्लिसराइड (लिपिड प्रोफाइलमधला आणखी एक मेद) ५०० च्या वर असतील, तर खोबरेल हे रोजचं तेल करण्याआधी विचारा. शेवटच्या गटात तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असल्याने एकूणच तेल मोजून घ्यावं लागतं. मेद पचत नसलेल्या रुग्णांना डॉक्टर कधीकधी एमसीटी तेल लिहून देतात. त्याऐवजी घरचं खोबरेल देऊ नका, दोन्ही एक नाहीत. स्टॅटिन चालू असेल तर ते सोडून त्या जागी कोणतंही तेल आणू नका.

स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसासाठी खोबरेल सुरू केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यामागची धडपड समजते, ती आदरानेच पाहावी अशी आहे. पण आजार थांबवतं असा ठोस पुरावा या तेलामागे उभा राहिलेला नाही. जेवण कमी झालेल्या वृद्ध माणसाला पोटभर, चवीचं जेवण आणि तपासणीची वेळ पाळणं यांचा उपयोग जास्त होतो.

नववी पायरी: सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा

तेल बदललं की साधारण दीड-दोन महिन्यांत त्याचा परिणाम लिपिड प्रोफाइलमध्ये स्थिरावतो. त्या काळात एकाच वेळी दहा गोष्टी बदलू नका. वजन, व्यायाम, औषधं शक्यतो होती तशीच ठेवा, म्हणजे आकडा कशाने हलला ते कळेल. तपासणी त्याच प्रयोगशाळेत, तितक्याच तासांच्या उपाशीपोटी करा. प्रत्येक मोजणीत थोडा चढउतार असतोच, म्हणून चार-पाच मिलिग्रॅमच्या फरकाने घाबरू नका. एलडीएल १० किंवा त्याहून जास्त वाढलेलं दिसलं तर खोबरेल निम्म्यावर आणा, उरलेली जागा सूर्यफूल, करडई किंवा ऑलिव्ह तेलाला द्या आणि आठ आठवड्यांनी पुन्हा पाहा. आकडा जागच्या जागी राहिला आणि कोट्यात बसत असेल, तर आहे ते प्रमाण चालू ठेवा आणि पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा.